ओटीवरचा टीव्ही आणि माजघराचं दार



भाताची लावणी आटपल्यावर पनवेल तालुक्यातल्या आमच्या गटांच्या बैठकांत आम्ही एक वेगळा विषय घेतला. हिशोब झाला, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि मग प्रत्येकीला तीन प्रश्न विचारले. घरात पाहिलेला तुझा पहिला पिक्चर कोणता? कोणाच्या घरी पाहिलास? आणि कुठे बसून पाहिलास? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पटापट आली. तिसऱ्याला बायका हसायला लागल्या. बसून पाहिलेल्या फारच थोड्या निघाल्या. कोणी दाराआडून पाहिला होता, कोणी खिडकीच्या गजांतून. एका काकींनी तर चुलीपुढे भाकऱ्या थापता थापता नुसता ऐकला होता.

आपल्या भागाचा इतिहास म्हटला की शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांचं नाव निघतं, कर्णाळा किल्ल्याचं निघतं, आणि ते निघायलाच हवं. पण संध्याकाळी टीव्ही लागला तेव्हा घरातली बाई कुठे उभी होती, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. ज्यांना ते आठवतं त्या आता सत्तरी-पंचाहत्तरीला आल्या. म्हणून आजचं हे बोलणं.

टीव्ही यायच्या आधी शिणेमा म्हणजे जत्रेतला तंबू, नाहीतर पनवेलचं थेटर. थेटरात जायचं तर एसटी, तिकिटाचे पैसे आणि सोबतीला घरातला बाप्या, तिन्ही एकदम जमायला हवं. आमच्या गटातल्या एका आजींनी लग्नानंतरच्या वीस वर्षांत दोनच पिक्चर पाहिले. त्यातला एक 'जय संतोषी माँ'. तो १९७५ साली आला होता आणि देवीचा म्हणून खुद्द सासूनेच त्यांना पाठवलं. लोक थेटरात चपला काढून बसत, पडद्यावर देवी आली की नाणी उधळत, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. आजी म्हणाल्या, "देवीच्या नावाने तीन तास मोकळी बसले होते. काय पाहिलं त्यापेक्षा ते बसणं जास्त आठवतं."

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. खाडीकाठच्या मोकळ्या गावांना चित्र त्यातल्या त्यात स्वच्छ दिसायचं, डोंगराच्या आडोशाला असलेल्या वाड्यांत मात्र पडद्यावर मुंग्याच मुंग्या. कौलांवर उंच बांबूला अँटेना बांधायची, एकाने वर चढून ती फिरवायची आणि खालून बाकीच्यांनी ओरडायचं, "आलं, आलं… गेलं!" अँटेनावर कावळा बसला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

इथे देशातली एक गोष्ट सांगायला हवी. १९७५-७६ साली सरकारने उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा मोठा प्रयोग केला. सहा राज्यांतली २४०० गावं त्यात होती. सेट सार्वजनिक जागी ठेवायचा आणि साऱ्या गावाने पाहायचा, अशी ती योजना. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. आपल्याकडे टीव्ही आला तो ज्याच्या खिशात पैसा त्याच्या ओटीवर. हा फरक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. गावाच्या टीव्हीपुढे बसायला बाईला हक्क सांगता आला असता. दुसऱ्याच्या ओटीवर ती पाहुणी, आणि स्वतःच्या ओटीवरही ती सून.

आणि पैसा कुठून आला? १९७० साली सिडको स्थापन झाली. पनवेल, उरण, ठाणे या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घ्यायचं ठरलं. भाताची खाचरं गेली, खाजणं गेली, मिठागरं गेली. मोबदला आला तो सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या हाती, म्हणजे बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या. कोणी घर बांधलं, कोणी लग्नं उरकली, आणि काही घरांत सरकत्या लाकडी दाराच्या पेटीतला टीव्ही आला. आमच्या एका मावशींनी बैठकीत सांगितलं, "ज्या शेतात मी चिखलात वाकून लावणी केली, त्या शेताचा टीव्ही झाला. आणि तो मला दारातून बघायचा!" त्या हसत सांगत होत्या. ऐकणाऱ्या सगळ्या काही हसल्या नाहीत.

बसण्याची रीत साधारण सगळ्या गावांत एकच. टीव्ही ओटीवर. पुढे पोरंसोरं जमिनीवर, मागे पुरुष खाटेवर नाहीतर खुर्चीवर, म्हाताऱ्या बायका भिंतीला टेकून, माहेरवाशिणींना थोडी सूट. सुना माजघराच्या दारात, पदर डोक्यावर, एक कान आतल्या भाताकडे. दारातून पडदा तिरका दिसतो. त्यामुळे कित्येकींना नट-नट्या उंच आणि बारीक वाटत! काही घरांत शेजाऱ्यांकडून चार आणे घेत. चार आणे दिलेली शेजारीण ओटीवर आणि घरची सून दारात, असाही प्रकार होई. शेतीचा 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रम लागला की पुरुष मंडळी गंभीर होऊन पाहत. खत कोणतं, बी कोणतं, सगळं त्यांनी ऐकायचं. लावणी, बेणणी करणाऱ्या तेव्हा स्वयंपाकघरात.

पिक्चर असायचे शनिवारी आणि रविवारी. शनिवारी मराठी, रविवारी हिंदी. नवे पिक्चर थेटरात, जुने टीव्हीवर, म्हणून आमच्या आया-आज्यांनी त्यांच्या जन्माआधीचे सिनेमे उतारवयात पाहिले. हे आम्हाला मोठं नवल वाटतं. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ सालचा. आमच्या भागातल्या बायकांनी तो पाहिला पन्नासेक वर्षांनंतर, ओटीवर.

'संत तुकाराम'बद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त आठवणी त्याच्याच निघाल्या. व्हेनिसच्या महोत्सवात तो गाजला, विष्णुपंत पागनीस तुकोबा म्हणून घरोघर पोहोचले, हे पुस्तकांत आहे. आमच्या बायकांना आठवते ती मात्र जिजाई. गौरी नावाच्या नटीने ती केली होती. शेण गोळा करणारी, म्हशीची निगा राखणारी, घरात दाणा नाही म्हणून नवऱ्यावर तोंड सोडणारी, आणि पोर आजारी पडलं तेव्हा हातात पायताण घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला निघालेली. पुरुष मंडळी तुकोबांना हात जोडत, तेव्हा दारातल्या सुना जिजाईकडे बघून पदरात हसत. शेवटी तुकोबा तिला वैकुंठाला चल म्हणतात. ती जात नाही. तिला घर आहे. आमच्या एक आजी म्हणाल्या, "बरोबरच केलं. पोरांना कोण बघणार, म्हशीची धार कोण काढणार?" त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं, जणू विमान काल त्यांच्याच अंगणात उतरलं होतं.

अभ्यासक या पिक्चरला भक्तिपट म्हणतात. आमचं मत विचाराल तर तो संसाराचाही पिक्चर आहे, आणि दारात उभ्या राहिलेल्या बायांनी ते बरोबर ओळखलं होतं.

प्रभातचाच 'कुंकू' १९३७ सालचा. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेला. शांता आपटे यांची नीरा, म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली, आणि हे लग्न मी मानत नाही असं सांगणारी. तो लागला की काही घरांत म्हणे मधूनच बंद केला जाई. तसं आम्हाला एका गावात दोघींनी सांगितलं, बाकी कोणी नाही.

आता आपल्या घरचा पिक्चर. 'जैत रे जैत', १९७७. कादंबरी गो. नी. दांडेकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. गोष्ट ठाकरांची. भगताचा पोरगा नाग्या ढोल वाजवणारा. राणीमाशीने त्याचा डोळा घेतलेला, आणि त्याला लिंगोबाच्या डोंगरावरचं पोळं झाडायचंय. त्याच्या सोबतीला चिंधी, नावडता नवरा सोडून आलेली. आमच्याकडे सगळे धरूनच चालतात की हा लिंगोबा म्हणजे कर्णाळ्याचा सुळका. गोवा हायवेवरून जाताना अंगठ्यासारखा दिसतो तो. त्याच्या कड्याला मधाची पोळी असतातच.

कर्णाळ्याजवळच्या वाडीतल्या आमच्या ठाकर भगिनींनी हा पिक्चर पहिल्यांदा पाहिला तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. वाडीत वीज नव्हती. काळा-पांढरा लहान टीव्ही बॅटरीवर चाले. त्यांची मतं ऐकण्यासारखी आहेत. मध काढतात तो असा भर उन्हात नाही, अंधार पडल्यावर, धूर करून, हे त्यांनी आधी सांगितलं. बायका अशा डोंगरावर गात फिरत नाहीत, लाकडाची मोळी डोक्यावर असली की श्वास गाण्याला उरत नाही, हेही सांगितलं. पण चिंधी मात्र सगळ्यांना पटली. न आवडणाऱ्या नवऱ्याला सोडून दुसरा घरोबा करण्याची चाल त्यांच्यात जुनीच. शेजारच्या गावच्या आम्हा बायकांना तेच मोठं धाडस वाटलं होतं. एकाच पिक्चरपुढे दोन वाड्यांतल्या बाया, आणि एकीला जे बंड वाटलं ते दुसरीला रोजचं. शेवटी जैत होते, पण चिंधी राहत नाही. "बाई मारायची काय गरज होती?" असं एका ताईंनी विचारलं. आम्हालाही ते अजून कळलेलं नाही.

चिंधी झाली होती स्मिता पाटील. मुंबई दूरदर्शनवर ती आधी मराठी बातम्या द्यायची. आमच्या आयांना ती "बातम्या देणारी" म्हणूनच ठाऊक होती.

१९८४ साल आमच्या भागात कोणी विसरत नाही. जानेवारीच्या १६ आणि १७ तारखेला जमिनीच्या मोबदल्यासाठी चाललेल्या आंदोलनात जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण गेले. आमच्या गावांपर्यंत ती बातमी माणसांच्या तोंडून आली. रडणं, धावपळ, कोण परत आलं, कोण नाही. त्याच वर्षी ७ जुलैला 'हम लोग' सुरू झाली, आणि दिल्लीतल्या एका मध्यमवर्गीय घराची सुखदुःखं आठवड्यामागून आठवडे आमच्या ओटीवर यायला लागली. जासईचं घर टीव्हीवर कधी आलं नाही, हे आमच्या एका काकी आजही बोलून दाखवतात.

'हम लोग' करमणुकीसाठी होतीच, पण तिच्या मागे हेतू होता. लोकांनी कुटुंब लहान ठेवावं, बाईला मान द्यावा, असं मालिकेतून शिकवायचं. मेक्सिकोत तसं करून पाहिलं होतं, तिथून ही कल्पना घेतली. लेखन मनोहर श्याम जोशींचं, आणि भाग संपताना अशोककुमार येऊन दोन शब्द सांगत. त्यात भागवंती नावाची आई होती, सगळ्यांचं ऐकून घेणारी, सगळं सोसणारी. असं सोसू नका, हे तिच्याकडे बघून कळावं, अशी करणाऱ्यांची अपेक्षा. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, तेव्हा पुष्कळांना तीच आदर्श वाटलेली. बायकांनासुद्धा!

आम्ही गटात विचारलं, तर इथेही तेच. "भागवंतीसारखी हो" असं लेकींना सांगितल्याचं दोघी-तिघींनी कबूल केलं. यात आम्ही कोणाला दोष देत नाही. जी आयुष्यभर सोसत आली, तिच्या सोसण्याला पहिल्यांदा कोणी पडद्यावर आणलं. तिने त्याला चुकीचं कसं म्हणावं? मग तिच्या स्वतःच्या चाळीस वर्षांचं काय?

त्याच्या पुढच्याच वर्षी 'रजनी' आली. प्रिया तेंडुलकर, म्हणजे विजय तेंडुलकरांची लेक. गॅस सिलिंडरवाल्याशी, टॅक्सीवाल्याशी हक्काने भांडणारी बाई. शहरात तिने धमाल उडवली. आमच्याकडे गंमत अशी की सिलिंडर कोणाच्याच घरात नव्हता. फुंकणीने चूल फुंकता फुंकता बायका रजनीचं सिलिंडरचं भांडण ऐकत. रेशन दुकानात मात्र तिचं नाव कामी आलं. रॉकेल मोजताना मापात हात मारला की मागून कोणीतरी म्हणायचं, "बोलावू का रजनीला?"

'रामायण' तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं. रविवारी सकाळी टीव्हीला हार, उदबत्ती, रस्ते ओस. आमच्या दृष्टीने त्यातली एकच गोष्ट नोंदवण्याजोगी. देवाचं म्हटल्यावर सुना माजघराच्या दारातून ओटीवर आल्या आणि बसल्या. 'संतोषी माँ'चीच युक्ती, पण आता दर रविवारी. तोवर टीव्ही हुंड्याच्या यादीतही शिरला होता. पोरीच्या बापाने जमीन विकून जावयाला रंगीत टीव्ही दिला, अशी उदाहरणं प्रत्येक गावात सापडतील. नावं घेत नाही.

मग व्हिडिओ आला. गणपतीच्या जागरणाला वर्गणी काढून भाड्याने मशीन आणायचं, रात्रभर तीन पिक्चर. अंगणात टीव्ही ठेवल्यामुळे ओटी-माजघर हा भेदच उरला नाही, सगळ्या बाया गोधड्या घेऊन खाली बसल्या. 'पिंजरा', 'अष्टविनायक', 'धुमधडाका', आणि १९९१ नंतर 'माहेरची साडी'. विजय कोंडके यांनी एका राजस्थानी पिक्चरवरून तो केला होता. अलका कुबलची लक्ष्मी सोसत सोसत मरते. शिकलेल्या लोकांनी त्याची फार टिंगल केली. आम्हीही कॉलेजात असताना केली. गोष्ट आम्हाला आजही पटत नाही. सोसून मेल्यावरच बाईची किंमत कळते, असं पोरींनी का शिकावं? पण त्या अंगणाबद्दल एक ऐकलं ते सांगतो. घरात डोळ्याला पदर लावला की "काय झालं गं रडायला?" असा प्रश्न यायचा. त्या रात्री पन्नास बायका उघड रडल्या आणि कोणी कारण विचारलं नाही. पहाटे घरी जाताना दोघींनी एकमेकींना सासरचं सगळं सांगितलं. त्या दोघी पुढे आमच्या पहिल्या गटाच्या सभासद झाल्या.

नंतरचं सगळं भराभर झालं. डिश आली, केबल आली, १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झालं, मग रोजच्या मालिका. 'चार दिवस सासूचे' दहा वर्षांहून जास्त चालली. घरात टीव्ही आतल्या खोलीत गेला, रिमोट संध्याकाळी बाईच्या हातात आला.

त्याच काळात एका गटात टीव्हीसाठी कर्जाचा अर्ज आला. आपल्याकडे विचारायची पद्धत ठरलेली, यातून उत्पन्न काय? अर्ज करणारी एकटी राहणारी, पापड लाटून पोट भरणारी. अध्यक्ष म्हणाल्या, त्यापेक्षा शेळी घे. ती म्हणाली, "शेळी दिवसा. रात्री बोलायला कोण?" दोन बैठका वाद झाला. कर्ज मंजूर झालं, दहा हप्त्यांत फिटलं. वहीत कारण काय लिहायचं यावर पुन्हा वाद. शेवटी 'घरखर्च' लिहिलं.

आता मोबाइल आहे, जुनं सगळं त्यावर सापडतं. लावणीनंतरच्या त्या बैठकांमधून एक ठरलं, की एखादा जुना पिक्चर सगळ्यांनी मिळून पाहायचा, सतरंजीवर बसून, समोरून. बायकांनी निवडला 'उंबरठा'. १९८२ सालचा, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि पुन्हा स्मिता पाटील. ती १३ डिसेंबर १९८६ ला गेली, अवघी ३१ वर्षांची, हे सांगितलं तेव्हा पोरींना खरं वाटेना. सुलभा महाजन सुखवस्तू घर सोडून दूरच्या महिलाश्रमात अधीक्षक म्हणून जाते, तिथल्या गैरकारभाराशी झगडते, परत येते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. ती पुन्हा निघते.

पिक्चर संपल्यावर एका सासूबाईंनी विचारलं, "आणि तिची मुलगी कोणाकडे राहिली?"

"जावेकडे," त्यांची सून म्हणाली.

"मग निघाली कशाला?"

"राहून काय करणार होती, आई?"

दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. जिजाई वैकुंठाला गेली नाही त्याचं उदाहरण एकीने दिलं, चिंधीचं दुसरीने. तिसरीने सिलिंडरवाली रजनी मधेच आणली. बोलणं वाढत गेलं, चहा दोनदा झाला. साडेपाचची एसटी फाट्यावरून निघून गेली, ती कोणाच्या लक्षात आली नाही. पुढच्या बैठकीला कोणता पिक्चर लावायचा, हे ठरायचं राहूनच गेलं.